आहे तसं वाच

"कागदावर वजा आहे. फळ्यावर नाही. कुठे गेलं ते?"

मागच्या बाकावरून बाईचा आवाज आला आणि खडू धरलेले सर जागच्या जागी थबकले. क्लास मोठा होता. भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, सरांच्या कानाला माईक, आणि समोर खच्चून भरलेली मुलं माना खाली घालून मुकाट उतरवून घेत होती. त्यांच्यापैकी एकालाही काही खटकलं नव्हतं. सरांनी फळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच छापून वाटलेल्या कागदाकडे पाहिलं आणि हसत हसत वजाची रेघ ओढली. आपल्या मॅडम फार हुशार आहेत हां, असं ते माईकवरून म्हणाले सुद्धा. बाईने लेकीचं मनगट धरलं आणि दोघी चालू तास सोडून बाहेर पडल्या.

"म्हणे गावात एक नंबर," जिना उतरताना बाई म्हणाली. "स्वतःचा कागद स्वतःला उतरवता येत नाही, आणि निघाले दुसऱ्यांना शिकवायला."

लेक दप्तर सावरत मागून उतरत होती. घरात तिला बिट्टी म्हणत. शाळेच्या सहामाहीत बिट्टी बीजगणितात नापास झाली होती, आणि वार्षिकला हीच गत राहिली तर त्याच वर्गात पुन्हा बसावं लागेल, असं शाळेने बाईला बोलावून सांगितलं होतं. मैत्रिणी पुढे जाणार आणि हिने वर्षभर धाकट्या पोरींच्या रांगेत मान खाली घालून बसायचं.  शाळेने पेपर दाखवला तेव्हा तर बाई चक्रावलीच. उत्तरं चुकीची असती तर गोष्ट वेगळी. पण पेपर कोराच होता. उदाहरण सुंदर अक्षरात उतरवलेलं, खाली पहिली ओळ, आणि मग नुसती पांढरी जागा. बाईने तो पेपर सवयीने वरपासून खालपर्यंत तपासला. त्यात एकही चूक नव्हती.

बाईचं कामच ते. एका छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. लेखकाच्या हातचा मूळ कागद एकीकडे, छापायला निघालेला दुसरीकडे, आणि दोन्ही तंतोतंत जुळतात की नाही ते पाहायचं. पेन्सिल कायम केसांच्या गाठीत खोचलेली. छापखान्यातले लोक तिला माघारी चाळणीबाई म्हणायचे, हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईट वाटत नसे. उलट दुकानाच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, औषधांच्या बाटल्या, जे दिसेल त्यातल्या चुका ती काढायची आणि माणसं इतकी निष्काळजी कशी जगतात म्हणून नाक मुरडायची. नवऱ्याने वाणसामानाची यादी केली तरी ती दुरुस्त होऊन त्याच्या हाती परत यायची. तो बिचारा सरळ माणूस, वीज कंपनीत मीटर वाचायचा. तेवढं वाचन तिच्या तावडीतून सुटलं होतं.

एक गोष्ट मात्र बाई कुणाला सांगत नसे. तिला बीजगणित येत नव्हतं. गणिताची मार्गदर्शकं तिच्या हाताखालून ढिगाने गेली होती, उदाहरणंच्या उदाहरणं तिला चेहऱ्याने ओळखू येत. कुठल्या पानावर कुठल्या ओळीत अधिक आणि कुठल्या ओळीत वजा, ते ती डोळे मिटून सांगेल. पण का, ते विचारायची सोय नव्हती.

तर गुरूचा शोध पुढे चालू राहिला. एक इंजिनियरिंगचा विद्यार्थी घरी आला. त्याने समीकरण पाहिलं आणि खिशातून फोन काढून टेबलाखाली धरला. बाईला दिसत नाही असं त्याला का वाटलं, देव जाणे. त्याला तिने चहाही विचारला नाही. मग निवृत्त प्राध्यापक. त्यांनी स्वतःच्या नोकरीपासून सुरुवात केली, मुलाच्या परदेशातल्या घरापर्यंत पोचले आणि बीजगणिताला हात घालायच्या आत त्यांची जेवायची वेळ झाली. यांनी आयुष्यभर काय दिवे लावले असतील ते कळलंच, असं बाईने घरी येऊन सांगितलं. नवऱ्याने ऐकून घेतलं.

मग त्यानेच एक नाव काढलं. म्हणजे नाव नाहीच, मुलं ज्याला गडबडे सर म्हणतात तो माणूस. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची एक खोली आहे आणि वीज कंपनीतल्या साहेबांची ढ मुलगी त्याच्या हाताखाली पास झाली, एवढंच त्याला माहीत होतं.

"गडबडे," बाई म्हणाली. "नाव ऐकूनच गार वाटलं."

तरी गेली. खोलीत वंगणाचा वास खालून वर येत होता. चारसहा मुलं, एक खिळखिळा फळा, आणि कोपराला खडू लागलेला, विजार सारखी वर ओढणारा एक माणूस. बिट्टी पुढे बसली, बाई मागच्या स्टुलावर. सरांनी फळ्यावर लिहिलं, तीन, कंसात क्ष वजा चार, बरोबर पंधरा. बाईने ओळखलं, मार्गदर्शकातलंच होतं ते. खाली त्यांनी लिहिलं, तीन क्ष वजा चार बरोबर पंधरा. मग ते बोटांवरचा खडू फुंकत बाजूला झाले आणि खिडकीतून खाली सायकली बघत उभे राहिले.

बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तकात तिथे वजा बारा होतं. पुढे बिट्टीचा हात कानापर्यंत गेला, तिथे जरा घुटमळला. कान खाजवतेय, बाईला वाटलं. ती ताडकन उठली.

"चार नाही, बारा."

हात कानावरून खाली मांडीत आला. सगळी मुलं मागे वळून बाईकडे बघायला लागली. सर म्हणाले, बरोबर आहे बाई, बसा. त्यांनी बारा केलं आणि पुढच्याच ओळीत वजा बारा पलीकडे नेताना वजाच ठेवलं. पुन्हा खिडकी. आता मात्र बाईने ताळतंत्र सोडलं. ज्याला कंस सोडवता येत नाही, चिन्ह बदलता येत नाही, त्याने सायकलीच दुरुस्त कराव्यात, खाली दुकान तयारच आहे, असं ती पोरांदेखत बोलली. सरांनी विजार वर ओढली.

"मुलीला पुन्हा पाठवा," ते म्हणाले. "एकटीला."

बाई तोवर लेकीला घेऊन जिना उतरायला लागली होती.

शेवटी हवी तशी मास्तरीण सापडली. घरात धुळीचा कण नाही आणि फळ्यावर चूक नाही. ती लाल शाईने चौकटी आखून उदाहरणं सोडवायची आणि मुली ती जशीच्या तशी उतरवायच्या. बिट्टीच्या वह्या बघाव्यात अशा झाल्या. बाईने पहिल्यांदाच कुणाची तरी तारीफ केली. मग शाळेत चाचणी झाली आणि बिट्टीने पुन्हा पांढरी जागा घरी आणली.

बाई संतापली, आणि मग घाबरली. अगं, येत नाही तर नाही, पण काहीतरी खरडायचं तरी, असं ती म्हणाली. बिट्टी म्हणाली, चुकलं असतं. एवढं बोलून ती भांडी पुसायला लागली.

त्याच सुमारास छापखान्यात एक नवं मार्गदर्शक आलं होतं. या कामाला खरं तर दोन माणसं लागतात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील कागदावर नजर ठेवायची. मालकाने दुसरं माणूस केव्हाच बंद केलं होतं. म्हणून बाई काम घरी आणायची आणि वाचायला बिट्टीला बसवायची. अगदी लहानपणापासून. अर्थ कळायची गरज नव्हती, उलट अर्थ कळला की माणूस मनाने जोडून वाचतो. बाईचा नियम एकच होता, आहे तसं वाच. पोर अडखळली की बाई च्च करायची. आपण वाचताना थांबायचं नसतं, विचार करायचा नसतो, हे बिट्टी त्या च्चमधून शिकली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती एकसुरी वाचायची, क्ष अधिक सात बरोबर तीन पूर्णविराम, म्हणून क्ष बरोबर चार पूर्णविराम. तिथे ती थांबली होती, हे बाईला नंतर आठवलं. आपण च्च केलं होतं, हेही आठवलं.

त्या पुस्तकाचे पहिले फर्मे, म्हणजे सुरुवातीची पानं, छापून झाले आणि लेखक तणतणत छापखान्यात आले. पानावर ढळढळीत चूक आहे, शाळेतलं पोरगंही हसेल, तुमच्या त्या बाई झोपा काढतात का, असं ते सगळ्यांसमोर बोलले. बाई उठली. कपाटातून तिने त्यांच्या हातचा मूळ कागद काढला आणि छापील पानाशेजारी ठेवला. दोन्हीकडे तंतोतंत तेच होतं. चूक लेखकाचीच होती. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला आणि बाईने तो पोटभर बघून घेतला. मालकाने त्यांना बाईची माफी मागायला लावली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

ती तरंगतच घरी आली. चपला काढायच्या आधीच तिने नवऱ्याला आणि बिट्टीला सगळी हकिकत रंगवून सांगितली. लेखकाची नक्कल केली, चष्मा कसा पुसत होते ते दाखवलं. "पुस्तकं लिहितात," ती म्हणाली, "आणि क्ष अधिक सातमध्ये गडबड. आता काय यायला हवं होतं तिथे, कुणास ठाऊक."

"वजा चार," बिट्टी म्हणाली.

बाई हसायची थांबली.

"तुला कसं माहीत?"

"तेव्हाच दिसलं होतं. वाचताना."

"मग बोलली का नाहीस?"

बिट्टीने आईकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. सांगायला काय आहे त्यात, असं काहीसं होतं.

"तू म्हणतेस ना, आहे तसं वाच."

नवरा उठून गॅलरीत गेला. बाई हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली. कानापर्यंत जाऊन घुटमळलेला तो हात तिला दिसला. कान खाजत नव्हता पोरीचा. वर येत होता तो हात, आणि आपण उठलो. आयुष्यभर जगाची चूक काढत हिंडलो आणि ही एवढी समोर बसलेली चूक आपल्याला दिसली नाही, याची बाईला अशी काही लाज वाटली की त्या दिवशी तिने भाजीत मीठ घातलं की नाही तेही तिच्या लक्षात राहिलं नाही.

गडबडे सरांकडे ती एकटीच गेली. माफी मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तिने भांडल्यासारखंच विचारलं, तुम्ही मुद्दाम चुकता की खरंच येत नाही.

"काही मुद्दाम," सर म्हणाले. "काही खरंच होतात. मुलांना फरक कळत नाही, ते बरंच आहे."

हा माणूस आपल्याला दोन शब्द ऐकवेल, अशी बाईची अपेक्षा होती. ऐकवले असते तर तिला उलट बरं वाटलं असतं. त्याने विजार वर ओढली, उद्यापासून पाठवा म्हणाला, आणि बाई, तुम्हाला यायचं असेल तर जिन्यात थांबा, एवढं सांगून फळा पुसायला लागला. जिन्यात. बाईचं तोंड कडू झालं, पण ती हो म्हणाली.

त्यानंतर घरचं वाचनही तिने बंद केलं. मालकाला सांगितलं, दुसरं माणूस द्या, नाहीतर काम हळू होईल. मालकाने माणूस दिलं नाही. काम हळू झालं.

जिन्यात मुलांच्या चपला पसरलेल्या असत. खालून पंपाचा आवाज यायचा. बाई वरच्या पायरीवर बसायची, आणि दाराच्या फटीतून फळ्याचा अर्धा भाग तिला दिसायचा. पहिले काही दिवस आत नुसती दुसऱ्या मुलांचीच आरडाओरड. सर, हे चुकलं, सर, ते चुकलं. कुणी तरी सरांना वेड्यात काढायचं आणि सर आपले, हो का, कुठे, म्हणून विचारायचे. बिट्टीचा आवाज त्यात कधीच नसे. बाई कान देऊन बसायची आणि रिकाम्या कानाने लेकीला घेऊन घरी जायची. परीक्षा जवळ येत होती.

मग एका संध्याकाळी सरांनी लिहिलं, पाच वजा, कंसात क्ष वजा तीन, बरोबर दोन. खाली लिहिलं, पाच वजा क्ष अधिक तीन बरोबर दोन. खडू थांबला. सर खिडकीशी गेले असणार. 

"सर, ते चुकलंय."

बाई ताठ झाली. आवाज बिट्टीचा होता.

"तिथे अधिक कसं येईल? कंसात वजा तीन आहे. एवढंही दिसत नाही का तुम्हाला?"

मुलं हसली. ते शब्द, तो तिखट सूर, सगळा बाईचाच होता. पण बाईचं त्याकडे लक्ष नव्हतं. हे उदाहरण तिने पाहिलं होतं. पुस्तकात तिथे अधिकच होतं. तिला पान आठवत होतं, ओळ आठवत होती. सरांचं बरोबर होतं. पोर चुकत होती, सगळ्यांसमोर, ठासून चुकत होती.

बाईचा हात केसांतल्या पेन्सिलीकडे गेला. एक शब्द पुरला असता. दार तर नुसतं लोटलेलं होतं.

"असं म्हणतेस?" आत सर म्हणाले. "ये. तुझ्या पद्धतीने सोडव बघू. शेवटी काय येतं ते ताडून पाहू."

बाक सरकला. बिट्टी उठून फळ्याकडे गेली आणि खडू चालायला लागला, न थांबता, एका ओळीखाली दुसरी ओळ. बाईने पेन्सिल काढलीच नाही. ती पायरीवरच दुसऱ्या बाजूला वळली, फळ्याकडे पाठ करून, आणि समोर पडलेल्या चपला जोडीने लावत बसली.