हातभर उंचीचा दगड

म्हाताऱ्या माणसाची अक्कल तपासण्याची जर्मनीतल्या त्या थुरिंगी दरीतली रीत सोपी होती. कमरेला तलवार, हातात ढाल घेऊन त्याने हातभर उंचीच्या दगडावरून, कुणाच्या मदतीवाचून, घोड्यावर चढायचे. चढला, तर आपली गढी हव्या त्याच्या नावे करायला मोकळा. न चढल्यास ती वारसाची. डोक्याची चौकशी कुणी करीत नसे. मांड्या शाबूत असल्या की पुरे.

काउंट लुडोल्फ अर्धांगाने अंथरुणाला खिळले, तेव्हा गढीवरचा नातवाचा हक्क आपोआप पक्का झाला. नातू अजून दुपट्यात होता, त्याचा बाप मोहिमेवर तापाने गेलेला. म्हणून कारभार आणि न्यायनिवाडा सुनेकडे, रिखेंझाकडे होता.

"वहिनी, न्याय बेताचा करता. मीठही बेतानंच घालता का?" धाकटा दीर गेर्लाख विचारी.

"जेवायला थांबा, भाऊजी, कळेल."

त्या हिवाळ्यात सासऱ्यांनी तिचा हात धरला. "सुनबाई, एकदा पायांनी देवळात जाऊ दे गं. मेल्यावर उचलतीलच चौघे."

तिने बदकाच्या चरबीने त्यांचे पाय चोळले, सातूची पेज भरवली, खांद्याचा आधार देऊन दालनभर चालवले. गेर्लाख येई तेव्हा बापाच्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाही. तिला ती माया वाटली.

ईस्टरला काउंट चालत देवळात गेले. रिखेंझा रडली. बाहेर आली, तर अंगणात दगड मांडलेला, घोडा सजवलेला, बाकावर पंच बसलेले.

"मामंजी, हे काय?"

"गढी गेर्लाखला देतोय. पोर लहान आहे."

"म्हणून तर मी आहे."

"तू आहेस म्हणूनच. माझ्या लेकानं तुझ्यापुढं किती दिवस टोपी काढून उभं राहायचं?" त्यांनी तलवार बांधून घेतली. "ये, पाय ठेवायला रिकीब धर. तेवढी मुभा असते. तुझ्या हाताची सवय झालीय."

तिने रिकीब धरली. डावा गुडघा खांद्याच्या टेकूवाचून टिकत नाही, हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. तो लटपटताच तिने नेहमीसारखा खांदा खाली घातला आणि सगळ्या गावादेखत सासऱ्यांना उचलून खोगिरावर बसवले.

"मुद्दाम केलंत," गेर्लाख दबक्या आवाजात म्हणाला.

"सवय, भाऊजी." रिकीब धरूनच ती पंचांकडे वळली. "मदत झाली. सर्वांनी पाहिलं. दान बाद."

पंचांनी डोकी एकत्र केली. मुख्य पंच जुना, रिवाजांच्या पाठांतराचा पक्का.

"कुणी मदत केली?" त्याने विचारले.

"मी."

"दुसऱ्या कुणी?"

"कुणी नाही."

"मग झालं तर. बाईमाणसाची मदत या पंचायतीनं आजवर मोजलेली नाही. दान कायम."

काउंटांनी खोगिरावर बसूनच आपला हातमोजा काढून दानाची खूण म्हणून गेर्लाखच्या हातात दिला. लोक नव्या धन्यापुढे टोप्या काढू लागले.

"वहिनी," गेर्लाख अदबीने म्हणाला, "रिकीब आता सोडलीत तरी चालेल."