बावीस मिनिटांनी येणारा आत्मा

"आणखी चाळीस सेकंद," श्वासमहाराज डोळे मिटून म्हणाले आणि आमच्या गॅरेजमध्ये दाटीवाटीने उभ्या असलेल्या पन्नासएक माणसांनी एकदम बोलणं थांबवलं. शेजारच्या टेलरमावशींनी हातातली रिकामी बाटली छातीशी धरली. समोर माझ्याच बैठकीच्या खोलीतला गालिचा अंथरून त्यावर आमचा कॉम्प्रेसर बसवला होता. त्याच्या लाल टाकीला कुणीतरी रेशमी स्कार्फ गुंडाळला होता. तोही माझाच.

कुणी बटण दाबलं नाही, कुणी हात लावला नाही. चाळीस सेकंद झाले आणि ते यंत्र आपलं आपण धडधडायला लागलं. गॅरेजचा पत्रा थरथरला. दोन-अडीच मिनिटांनी ते थांबलं, आणि थांबताना त्यातून आवाज आला, "फुस्स्स."

"सुस्कारा टाकला!" मागून कुणीतरी ओरडलं. पुढच्या रांगेत बसलेल्या रंगारीवहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

मी घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारात उभी होते आणि दात ओठ खात होते. का ते सांगते.

आमचे हे निवृत्त झाले. लोक निवृत्त झाल्यावर फिरायला जातात, पेपर वाचतात, बायकोला थोडी मदत करतात. ह्यांनी गॅरेजात सुतारकामाचं वर्कशॉप काढलं. पहिल्या वर्षात एक स्टूल तयार झालं, ते अजून लंगडतंय. मग ह्यांच्या डोक्यात आलं की ब्रशने रंग नीट बसत नाही, फवाऱ्याने मारायला हवा. फवाऱ्याला हवा लागते, हवेला कॉम्प्रेसर. मागच्या गल्लीतला गाड्यांचा रंगारी दोन महिन्यांपूर्वी वारला होता. त्याच्या बायकोकडून ह्यांनी त्याचा जुना कॉम्प्रेसर घेतला.

"बसवायला मेकॅनिकला बोलवा," मी म्हटलं.

"दोन नळ्या जोडायच्या, त्याला मेकॅनिक कशाला? मला काय हात नाहीत?"

हात आहेत, पण दोन्ही डावे, हे मी लग्नाच्या पहिल्या महिन्यात ओळखलं होतं. चार दिवस खपून ह्यांनी यंत्राखाली रबर घातलं, भिंतीवरून पाइप नेला, प्रत्येक जोडाला पांढरी टेप गुंडाळली आणि मला तीन वेळा बोलावून दाखवलं.

पाचव्या दिवशी रंगारीवहिनी राहिलेला फवारा द्यायला आल्या. गॅरेजातच चहा घेतला. नवऱ्याच्या आठवणी निघाल्या आणि नेमकं तेव्हाच, कुणीही हात न लावता, कॉम्प्रेसर सुरू झाला. वहिनींच्या हातातला कप खाली पडला. मग ते "फुस्स्स" झालं आणि त्या उठून टाकीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अस्साच सुस्कारा टाकायचे हो! जेवून उठले की अस्साच!"

"वहिनी, आतली हवा कमी झाली की तो आपोआप चालू होतो. तसा स्विचच असतो त्याला," मी म्हटलं.

"पण हवा वापरली कुणी?" हे म्हणाले. "मी तर काही चालवलंच नाही." आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या चार दिवसांच्या मेहनतीवर संशय घेतला. घेतलाच होता म्हणा.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी श्वासमहाराजांना आणलं. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर ते श्वासाचे वर्ग घेतात. ते येऊन कॉम्प्रेसरसमोर ध्यानाला बसले ते दुपारपर्यंत. सगळे म्हणत होते, काय ती एकाग्रता! मी चहा ठेवायला वाकले तेव्हा मला दिसलं की महाराजांचा उजवा डोळा मिटलेला आहे आणि डावा मनगटावरच्या घड्याळात आहे. उठले आणि म्हणाले, "दर बावीस मिनिटांनी ते येतात. बावीस हा परतीचा अंक आहे."

"कशावरून?" मी विचारलं.

"हवा म्हणजे प्राण. प्राण म्हणजे आत्मा. आणि कॉम्प्रेसर म्हणजे काय, ताई? कोंडलेला प्राण! आयुष्यभर ज्या यंत्रात त्यांनी हवा भरली, त्याच यंत्राने शेवटी त्यांना भरून घेतलं."

तेव्हापासून स्विच बंद करायला मनाई झाली. प्राण खंडित होतो म्हणे. आमचं विजेचं मीटर मात्र अखंड फिरत होतं. एकदा ह्यांनी कुणाचं लक्ष नाही बघून सायकलच्या टायरमध्ये हवा भरली, तर यंत्र नवव्याच मिनिटाला सुरू झालं. महाराज जराही गडबडले नाहीत. "रागावलेत ते," म्हणाले. हे हात जोडून उभे. दोनच दिवसांत ह्यांच्या दंडावर 'मुख्य सेवक' अशी पट्टी आली, आणि चाळीस वर्षांत ज्या माणसाला मी हसताना मोजून दहा वेळा पाहिलं, तो दारात उभा राहून सगळ्यांचं हसतमुखाने स्वागत करायला लागला.

इथपर्यंत मी सोसलं. गालिचा सोसला, स्कार्फ सोसला. पण मग महाराजांना टाकीच्या तळाचा कॉक, म्हणजे छोटा नळ, सापडला.

तो उघडला तसा फर्रकन तपकिरी पाणी बाहेर आलं. "या टाकीत कुणी पाणी ओतलं होतं?" महाराजांनी गर्दीला विचारलं. कुणीच नव्हतं ओतलं. "मग आलं कुठून? अश्रू आहेत हे!" पाण्यावर तेलाचा तवंग होता, त्यात रंग दिसत होते. "पाहा, इंद्रधनुष्य! जन्मभर रंगात वावरलेला माणूस!" लोकांचे डोळे विस्फारले. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव प्राणजल झालं, बाटल्यांची रांग लागली आणि शेजारी 'स्वेच्छेने' असं लिहिलेली पेटी आली. कुणी ते पाणी गुडघ्याला चोळलं, कुणी टकलाला लावलं. आमच्या पोस्टमनने स्कूटरच्या टाकीत घातलं. स्कूटर बंद पडली, तर त्याच्या श्रद्धेत खोट निघाली.

मी बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. विज्ञानाचे गुरुजी बदलत गेले, परीक्षानळ्या मीच धुतल्या. हे पाणी कुठून येतं ते मला ठाऊक होतं. ह्यांना सांगितलं, महाराजांना सांगितलं. लोक म्हणाले, घरच्याच बाईला त्याची किंमत नाही बघा.

प्राणजल सुरू झाल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी वहिनी माझ्याकडे बसल्या होत्या. डावा डोळा लालभडक.

"काय झालं हो डोळ्याला?"

"काही नाही. शुद्धी चाललीय. महाराज म्हणाले, आधी लाल होतो, मग उजळतो. रोज दोन थेंब घालते मी."

वहिनींना काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याने त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. डावाच काय तो शाबूत, तोही डॉक्टरांच्या थेंबांवर.

"आणि डॉक्टरांचं औषध?"

"ते बंद केलं. दोन्ही चालत नाही म्हणाले. ताई, आमचे हे स्वतः देतायत मला. मी कसं नाही म्हणू?"

"किती दिवस झाले?"

"बारा."

मी उठले. "आजच डॉक्टरांकडे चला, आत्ता."

"नाही यायची मी. रागवू नका. ते येतात ना दर बावीस मिनिटांनी, त्यांना सोडून कुठे जाऊ?"

तिथे रडून किंवा ओरडून काही होणार नव्हतं. मी वाटीभर पाण्यात भांडी घासायचा साबण कालवला, एक ब्रश घेतला आणि भर गर्दीत गॅरेजमध्ये शिरले. यंत्र नुकतंच "फुस्स्स" करून थांबलं होतं.

"ताई, पादत्राणं!" महाराज म्हणाले.

"माझं घर आहे," मी म्हटलं आणि साबणाचं पाणी एकेका जोडाला फासत गेले. पहिल्या जोडाला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. तिसऱ्या जोडावर फेस उभा राहिला. आधी लहान बुडबुडे, मग द्राक्षाएवढे, फुगतायत आणि फुटतायत.

"हवा इथून गळतेय. बावीस मिनिटांत टाकीतली हवा ठरावीक खुणेच्या खाली जाते, स्विच आपोआप लागतो, यंत्र परत हवा भरतं. भरून झालं की नळीत अडकलेली हवा सुटते, तोच तुमचा सुस्कारा." मग मी ह्यांच्याकडे वळले. "मुख्य सेवक, पाना घ्या आणि हा जोड उघडा."

ह्यांनी महाराजांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाना घेतला. चाळीस वर्षांच्या संसाराचा एवढा तरी उपयोग. मी स्विच बंद केला, टाकीतली हवा सोडली, काटा शून्यावर आला. ह्यांनी जोड उघडला. आत टेपचा चोळामोळा होऊन एका बाजूला गोळा झाला होता. ह्यांनी तो गोळा बोटात धरून सगळ्यांना दाखवला. कानापर्यंत लाल झाले होते.

"मी डावखुरा," हे लोकांना म्हणाले. "टेप पाइपच्या आट्यांच्या दिशेने गुंडाळायची असते. माझ्या हाताने ती उलटी गेली. जोड आवळला तशी सुटत गेली. आत्मा-बित्मा नाही हो. माझी चूक आहे."

त्या माणसावर मी जन्मभर चिडले असेन, पण त्या क्षणी मला त्याचा फार अभिमान वाटला.

ह्यांनी टेप नीट गुंडाळली, जोड आवळला, यंत्र चालू करून टाकी भरली. मग आम्ही सगळे बसलो. बावीस मिनिटं झाली. काही नाही. पंचवीस. कुणीतरी शिंकलं, तर चार जणांनी हात जोडले. तीस मिनिटांनी पोस्टमन म्हणाला, "महाराज, येत नाहीत ते?"

"आत्म्याने मौन धारण केलंय."

"मी बोलावते," म्हणत मी तो जोड पान्याने थोडा सैल केला. सूंऽऽ करून हवा निघाली आणि चौथ्या मिनिटाला यंत्र धडधडलं. मी जोड परत आवळला. "पान्याला ओ देणारा आत्मा असतो का हो? आणि टेलरमावशी, फ्रिजमधला गार पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला की बाहेरून ओला होतो ना? ते पाणी तांब्यातून झिरपत नाही, हवेतलंच असतं. इथे हवा दाबून भरतो, ती थंड झाली की तिच्यातलं पाणी तळाला साचतं. त्यात लोखंडाचा गंज आणि यंत्राचं तेल. गळतीमुळे दिवसभर हवा भरत राहिली, म्हणून बाटल्या भरत राहिल्या."

"अज्ञान!" महाराज गरजले. "प्राणजलाने दृष्टी मिळते!"

"मग तुम्ही घाला की दोन थेंब. चष्मा लागलाय तुम्हाला."

मी बाटली पुढे केली. महाराज एक पाऊल मागे सरले. "आमची दृष्टी अंतर्मुख आहे."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू पसरत गेलं. महाराजांनी पेटी उचलली, तर टेलरमावशींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. ते तसेच गेले.

पण वहिनी हसल्या नव्हत्या. त्या टाकीजवळ आल्या.

"म्हणजे ते नाहीतच यात?"

इतके दिवस त्या बाईचा नवरा दर बावीस मिनिटांनी घरी येत होता, आणि मी साबणाच्या पाण्याने त्याला घालवून दिलं होतं. "नाहीत, वहिनी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी बाटली उचलली, नाकाशी नेली, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हा वास मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रंगाच्या वासाने मी शेडमध्ये जात नसे, पण रोज काम संपलं की ते बादलीत हे पाणी घेऊन बाहेर यायचे. एकदा मी म्हटलं, द्या, झाडांना घालते. केवढे ओरडले माझ्यावर! हे विषासारखं आहे, हाताला लागलं तर साबणाने धू, आणि काही झालं तरी डोळ्यांपाशी नेऊ नकोस." "अहो, ते जिवंतपणी स्वतः मला सांगून गेले होते. ते मी विसरले. आणि त्यांच्या नावाने दुसऱ्याने सांगितलं, ते ऐकलं!"

त्यांनी बाटली मोरीत ओतली आणि माझा हात धरला. "चला डॉक्टरांकडे."

डोळा वाचला. लाली गेली, औषध पुन्हा सुरू झालं. पण बारा दिवसांत कडेची जी नजर गेली ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता वहिनींना माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय दिसत नाही.

मला एवढंच म्हणायचंय. गेलेल्या माणसाची आठवण येते, रडू येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याच्या नावाने कुणी काही प्यायला, लावायला किंवा डोळ्यांत घालायला दिलं, तर आधी विचारा, हे आलं कुठून? सांगणारा स्वतः घेतो का? आणि ज्याबद्दल विचारू नका म्हणतात, ते तर दोनदा विचारा. आम्ही बारा दिवस उशिरा विचारलं.