बारा मिनिटं राहिलेलं मैदान

टक्.

सगळं घर गप्प होतं, म्हणून ओट्याखालच्या कपाटाची खिट्टी एवढ्या मोठ्याने वाजली. दोन वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला. मेन्नाने मला बाहेर काढलं, झाकण फिरवून नाक आत घातलं आणि म्हणाली, "शी. बाबा, यात काय मेलंय?"

मित्रांनो, मेलं काही नव्हतं. शेवटच्या चहाचा घोटभर गाळ होता. मला न धुता, झाकण घट्ट लावून कुणीतरी आत ढकलून दिलं होतं. हिरव्या पत्र्याचा, पोचे पडलेला थर्मास मी. मेन्नापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणजे पस्तिशी ओलांडलेला. बाहेरून साधा पत्रा, आत दुपदरी काच. त्या दोन पदरांमध्ये कारखान्यातल्या माणसांनी काहीच ठेवलं नाही, हवासुद्धा नाही. त्या काहीच-नाहीच्या जोरावर मी चहा गरम ठेवतो.

मेन्नाचे वडील इद्वाल म्हणजे माझा धनी. त्याला मी अरेतुरे करतो, एवढी सोबत झाली आहे. उत्तर वेल्सच्या डोंगरात तो टपाल वाटायचा. सोमवार ते शुक्रवार पत्रं, शनिवारी फुटबॉल. मोठ्या शहरातला नव्हे. खेड्यातला, जिथे खेळपट्टी एका बाजूला उतरलेली असते आणि गोलरक्षक आठवडाभर गवंडीकाम करतो. दर शनिवारी नवं मैदान गाठायचं, हा त्याचा नाद. टपरीवरचा चहा पिऊन तो रविवारभर पोट धरून बसायचा, म्हणून त्याच्या बायकोने मला घरी आणलं.

मग आम्ही दोघं फिरलो. कुठे मैदानाकडेच्या ओढ्यात चेंडू पडायचा आणि लांब काठीच्या जाळीने तो काढेपर्यंत खेळाडू गप्पा मारायचे. कुठे मेंढ्या हाकलल्याशिवाय सामना सुरू व्हायचा नाही. एकदा हुकलेली पेनल्टी थेट माझ्यावर आली आणि आतली काच फुटली. इद्वालने दुसरी काच बसवली, पण टाकलं नाही मला. गारा पडत असताना मध्यंतराला तो माझं झाकण उघडायचा आणि वाफ बघून शेजारचा म्हणायचा, "इद्वाल, तुझ्या घरात सर्वांत शहाणा हाच." त्या दिवसांत मला थोडा ताठा होता, खोटं कशाला बोलू?

इद्वालचा एक नियम होता. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सामना पाहिला, तरच ते मैदान झालं. मग स्वयंपाकघरातल्या नकाशावर त्या गावाला टाचणी. एक मिनिट चुकलं तरी टाचणी नाही. अशा एकशे सदतीस टाचण्या लागल्या आणि नकाशावरचं एकच गाव राहिलं, कुम हेली. तिथे मैदानावर दिवे नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात अंधार पडायच्या आत संपवायला सामना दीड वाजताच सुरू करतात. एवढी वर्षं फिरलेला माणूस, पण एका डिसेंबरात हे विसरला आणि दोन वाजता पोचला. उरलेला सामना पाहिला, घरी आला आणि टाचणी डबीत परत टाकली.

त्यानंतर त्याच्या नजरेच्या मधोमध एक डाग उमटला. कडेचं दिसायचं, समोरचं पुसलं जायचं. गाडी चालवणं सुटलं. "चेंडू दिसत नसेल तर तिथे जाऊन काय, मेंढ्या मोजू?" असं म्हणून तो खुर्चीत बसला आणि मी कपाटात गेलो. मेन्ना शाळेच्या स्वयंपाकघरात राबते, सहा वर्षांची नेस्ट तिच्या पदरात, तरी ती वडिलांकडे राहायला आली. या जानेवारीत डोळ्यांचे डॉक्टर तिला म्हणाले, डाग वाढतो आहे, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चेंडू कडेनेही दिसणार नाही. तिने घरी येऊन नकाशा पाहिला. फेब्रुवारीतल्या पहिल्याच शनिवारी मला कपाटातून काढलं, सोड्याने घासलं, तीनदा विसळलं.

"मी येत नाही," इद्वाल म्हणाला.

"बूट घाल, बाबा."

"मेन्ना, अगं, मला दिसत नाही."

"आज जेवढं दिसतंय तेवढं घेऊन चल. दीडचा सामना आहे, मी तीनदा फोन करून विचारलंय."

नेस्टने त्याचे बूट आणून पायाशी ठेवले, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. त्याला हसू आलं, म्हणून तो उठला.

आम्ही एक वाजताच पोचलो. पत्र्याच्या टपरीत चहा देणाऱ्या बेतीबाईंनी त्याला लगेच ओळखलं. "हे बघा, उशिराचे पाहुणे. आज कसे काय वेळेवर उगवलात?"

"मुलीने आणलं."

"आणि बगलेत थर्मास. आमच्या चहात काय विष असतं का हो?"

"बेतीबाई, विष असतं तर बरं होतं. लवकर सुटलो असतो."

त्या हसल्या आणि नेस्टच्या हातावर लोणी लावलेला, बाराब्रिथ नावाच्या गोड पावाचा मनुकेदार काप ठेवला. बरोबर दीडला शिट्टी वाजली. इद्वालने मला कठड्यावर ठेवलं आणि कोंबडीसारखी मान तिरकी केली, कारण डोळ्याच्या कडेनेच त्याला दिसायचं. नेस्ट कठड्यावर चढून आजोबांना, म्हणजे तिच्या वेल्शमध्ये ताइदला, सांगू लागली.

"ताइद, हिरव्यांकडे आहे. आता लालवाल्याकडे. आता कुणाकडेच नाही. तो जाड्या पडला."

"गोलरक्षक?"

"नाही, पंच."

मध्यंतरापर्यंत एक-एक गोल झाला. दोन्ही इद्वालने पाहिले, दुसरा तर नेस्टच्या आधी. माझं झाकण उघडलं, वाफ वर गेली. त्याचा चेहरा मी दोन वर्षांनी असा खुललेला पाहिला.

आणि मग डोंगरावरून धुकं उतरलं. आधी मेंढ्या गेल्या, मग पलीकडचे गोलखांब. पंचाने खेळ थांबवला. मैदानाच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडचे गोलखांब दिसले तरच खेळवायचं, अशी तिथली पद्धत. अठ्ठ्याहत्तरावं मिनिट चालू होतं. बारा मिनिटं राहिली होती.

"अरे पंचा, तुला ऊन असताना तरी गोल कधी दिसला?" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळे थांबले. खेळाडू काखेत हात घालून उड्या मारत राहिले. पंचही भला माणूस, वीस मिनिटं मैदानाच्या मध्यावर उभा राहिला. पण धुकं दाटतच गेलं. शेवटी त्याने चेंडू उचलला आणि सामना रद्द केला. लोक पांगले. इद्वाल कठडा धरून तसाच उभा राहिला.

"टोचून टाका ना टाचणी," बेतीबाई हळूच म्हणाल्या. मेन्नाने त्यांना सगळं सांगितलं होतं. "कोण विचारणार आहे? नियम तुमच्याच घरचा."

"घरचा आहे म्हणूनच."

"बाबा, दोन्ही गोल पाहिलेस की तू."

"पाहिले. छान होते. पण शेवटची शिट्टी झाली नाही." तो वळला. "बेतीबाई, हा सामना पुन्हा कधी?"

बेतीबाईंनी मेन्नाकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "शनिवार सगळे भरलेत. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी होईल बहुतेक."

"येऊ," इद्वाल म्हणाला.

"येऊ," मेन्ना म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. तिने मला कठड्यावरून उचललं आणि आधीच घट्ट असलेलं झाकण पुन्हा आवळलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी कपाटात असेल. वस्तू असेल किंवा माणूस असेल. जपून ठेवलं की जपलं जातं, हा गैरसमज आहे. गाळ आतच वाळतो. धुवा, पुसा आणि बाहेर न्या. पडेल, पोचे येतील, काचही फुटेल. न्या तरी.

इद्वाल पंचाचे आभार मानायला गेला होता. वीस मिनिटं कोण थांबतं, असं म्हणत गेला. मेन्नाने मला गाडीत मागच्या बाकावर नेस्टच्या मांडीवर ठेवलं आणि तिचा पट्टा लावू लागली. नेस्ट माझ्या पत्र्यावर दोन्ही तळवे टेकवून विचार करत होती.

"आई, एप्रिलमध्ये ताइदला काहीच दिसलं नाही आणि मी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सगळं सांगितलं, काहीसुद्धा न गाळता, तर ते मैदान झालं का गं?"