निकिताचे बुटके तोरण

मी एक जुनी घडवंची आहे. घरातली पोरे मला स्टूल म्हणतात. म्हणू देत बापडी! पाण्याचे हंडे ठेवायला मला केले, म्हणून मी घडवंची. मखमलाबादच्या शिवारात झेंडू आणि मेथी-कोथिंबीर पिकवणाऱ्या सावळीराम आजोबांनी बाभळीच्या लाकडातून मला स्वतःच्या हाताने बनवले. तेव्हा माझे पाय उंच आणि सरळ होते, आणि खरे सांगते, मला त्यांचा भारी तोरा होता. तांब्याचे दोन हंडे डोक्यावर घेऊन मी वीस वर्षे उभी राहिले. उन्हातून आलेला माणूस आधी माझ्याकडेच वळायचा.

मग घरात नळ आला, गच्चीवर टाकी आली आणि माझी रवानगी खताच्या गोण्यांजवळ झाली. मित्रांनो, ते दिवस आठवले की अजूनही वाईट वाटते. कोंबडी माझ्यावर चढून बसायची आणि तिला कोणी हुसकतही नसे.

नशीब उघडले ते आजोबांच्या नातवामुळे. पाच वर्षांच्या स्वराजला चहाचे कप विसळायचे होते आणि त्याचा हात नळापर्यंत पुरेना. आजोबांनी करवत घेतली आणि सरळ माझे चारही पाय कापले! त्यातही एक पाय बोटभर जास्त गेला. तेव्हापासून मी डुगडुगते. मी खूप रागावले होते, पण त्याच दुपारी दोन छोटे ओले पाय माझ्यावर उभे राहिले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

स्वराजची आई सुवर्णा हिचा नियम साधा आहे. हात पुरेल आणि झेपेल ते काम पोरांनी करायचे, मग मुलगा असो की मुलगी. स्वराज आता अकरा वर्षांचा आहे. जमिनीवर उभा राहून कणीक मळतो आणि मला विसरला आहे. मी आता त्याच्या बहिणीची, सहा वर्षांच्या निकिताची. ती मेथी निवडते, ताटे मांडते, माझ्यावर चढून धुतलेल्या वाट्या फळीवर लावते. विळी आणि गॅस मात्र अजून लांब. यामुळे बाईसाहेब नाराज असतात. त्यांना मोठ्यांचे काम हवे असते.

ते काम यंदाच्या दसऱ्याला चालून आले. दाराचे तोरण दरवर्षी सुवर्णा करायची. पण यंदा कामाला माणसे कमी होती, म्हणून तिला निकिताच्या बाबांबरोबर, शेखरबरोबर, नाशिकच्या फूलबाजारात जायचे होते.

"तोरण मी करते," निकिता म्हणाली.

"अगं, चौकटीला हात तरी पुरतो का तुझा?" शेखर हसला.

"घडवंची हाय ना," आजोबा म्हणाले. "करू दे तिला."

झाले, तोरण निकिताचे! आदल्या दिवशी तोडणी सुरू असताना तिने घरासाठी निवडून निवडून टपोरी फुले बाजूला काढली. मोठी माणसे करतात तसेच सगळे केले. फुले प्लास्टिकच्या जाळीदार कॅरेटमध्ये भरली, वर ओले गोणपाट घातले आणि पडवीत माझ्यावर ठेवली. तिच्या डोळ्यांतला अभिमान मी पाहिला. चूक मात्र मलाही दिसली नाही.

सकाळी शेखरने पडवीतली सगळी कॅरेट पिकअपमध्ये चढवली. माझ्यावरचेही उचलले. मला तोंड असते तर मी घर डोक्यावर घेतले असते. पण गाडी गेली.

नवा फ्रॉक घालून निकिता बाहेर आली, तर माझ्यावर काहीच नाही. आधी तिने माझ्याखाली वाकून पाहिले, मग माझ्यावरच बसून ती रडू लागली. स्वराजला आधी हसू फुटले. "फुलांच्या मळ्यात राहतो आणि आपल्याच दाराला फूल नाय!" मग तिचा चेहरा पाहून त्याने बाबांना फोन लावला.

"ते घरचं होतं? मला काय माहीत! ते तर इथं आल्या आल्याच विकलं गेलं," शेखर म्हणाला. "तिला सांग, रडू नको. येताना तयार तोरण घेऊन येतो."

"विकतचं नको!" निकिता फोनवर ओरडली. "ते आणलं तर माझं काम राहिलंच नाय."

मला तिचे अगदी पटले. नळ आल्यावर माझेही असेच झाले होते.

तिने डोळे पुसले. "आजोबा, काल आईनं बारकी फुलं झाडावरच ठेवायला सांगितली होती. ती चालतील?"

"लय चालतील. चला!"

तिघे मळ्यात गेले. तासाभराने ओंजळी-ओंजळीने अर्धवट उमललेली फुले आली. आजोबांनी सुईत दोरा ओवून दिला, निकिताने जपून एकेक फूल गुंफले. फुले थोडी, म्हणून मध्ये आंब्याची पाने जास्त.

मग माझी पाळी. माझ्या आखूड पायाखाली लाकडाची ढलपी घातली गेली. निकिता माझ्यावर चढली आणि टाचा उंच केल्या. हात चौकटीच्या वरच्या खिळ्यांपर्यंत पुरेना.

"सरक, मी बांधतो," स्वराज पुढे झाला. "माझा हात पुरतो."

"काम कोणाचं हाय?" आजोबांनी विचारले.

स्वराज खाली बसला आणि त्याने माझे पाय घट्ट धरले. निकिताचा हात पुरेल तिथे आजोबांनी दोन नवे खिळे ठोकले. तिने गाठी मारल्या, दोन-दोनदा. तोरण लागले, पण बुटके! मोठ्या माणसाच्या बरोबर नाकावर येईल असे.

दुपारी शेखर आणि सुवर्णा आले. सुवर्णाने सवयीने तोरण वर करायला हात नेला.

"राहू दे," शेखर म्हणाला. "आपण वाकून जाऊ."

आणि तो वाकून आत गेला. संध्याकाळी आपट्याचे सोने द्यायला सगळी वस्ती आली. धिप्पाड झुंबरमामा वाकले, कंबर धरून वत्सलाबाई वाकल्या. निकिता माझ्यावर उभी राहून प्रत्येकाला बजावत होती, "डोकं सांभाळा, मी बांधलंय!" इतका आनंद मला हंड्यांच्या दिवसांतही झाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरातही तुमच्या हाताला पुरेल असे काम असेल. ते मागून घ्या आणि मनापासून करा. तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझा एक निरोप सांगा. पोरांनी केलेले काम त्यांच्या पाठीमागे पुन्हा नीट करायला जाऊ नका. थोडे वाकायला शिका.

पुढच्या दसऱ्याला ते खिळे चार बोटे वर जातील. असेच वर जात जात एक दिवस निकिताला माझी गरज उरणार नाही. पण मला घाई नाही. अजून पाच-सहा तोरणे तरी मी अशीच डुगडुगत उभी राहणार आहे.