गाडी काढायची आहे

बायको पार्वतीबाई गेल्याचं कळलं तेव्हा तातेराव मुशीराबादच्या गॅरेजात जोंगा जीपच्या पोटाखाली उताणे पडले होते. शर्ट खिळ्याला लटकवलेला, फोन शर्टाच्या खिशात. तो वाजून वाजून थांबला, परत वाजला. शेवटी गॅरेजवाल्या गौसभाईनं उचलला. मग वाकून तो म्हणाला, "रावसाब, बाहर आओ."

"एक बोल्ट बाकी है."

"छोडो बोल्ट. बाहर आओ."

फोन मुलीचा, दीक्षाचा होता. पार्वतीबाई रामनगरच्या बाजारात मेथीची जुडी बघता बघता खाली बसल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. गौसभाईनं दोनदा सांगितलं. तातेरावांना वाटलं, दीक्षाचा फोन म्हणजे दीक्षालाच काहीतरी झालंय. रिक्षात बसेपर्यंत ते एकाच विचारात होते, की हे पारूला सांगायचं कसं.

जलदान विधी झाला, पुण्यानुमोदन झालं, नांदेडचे पाहुणे परत गेले. विद्यानगरच्या घरात काय करावं ते कळेना, म्हणून तातेराव पुन्हा गॅरेजात गेले. तिथं एक तरुण माणूस जोंगाभोवती फिरत होता. टायर दाबून बघत होता, खाली वाकून फोटो काढत होता.

ही जोंगा मिलिटरीच्या डिस्पोझलमधली. पाण्याच्या पंपहाऊसमधली नोकरी संपल्यावर तातेरावांनी ती घेतली होती. चारही चाकांना जोर मिळणारी गाडी, विकाराबादच्या पुढं अनंतगिरीच्या डोंगरात दगडधोंड्यांतून, ओढ्यातून न्यायची, एवढीच त्यांची हौस. त्यासाठी मोठे टायर घातले, अडकली तर ओढून काढायला पुढं विंच बसवली, स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी वीतभर उचलली. गाडी उचलली तसा पुढच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट आखूड पडला. एक केलं की दुसरं निघायचं.

"दगडावरनं जायला एवढं कशाला लागतं?" पार्वतीबाई म्हणायच्या. "आमचा बैल वाट बघून जायचा." त्या जोंगाला सवत म्हणत. पण सवतीकडं डबा घेऊन यायच्या, आणि डबा संपेपर्यंत गौसभाईशी बोलत बसायच्या.

"हे कोण?" तातेरावांनी विचारलं.

"कुलदीपसाब. हिमायतनगर के. गाडी देखने आए."

"कशाला?"

गौसभाई गोंधळला. "भाभी बोले थे ना. परसों आके बोले, गौसभाई, दसरे के अंदर गाडी निकालने की है. इनको नक्को बोलो."

तातेराव दिवस मोजू लागले. परवा? परवा पारू कुठून आली? मग त्यांच्या ध्यानात आलं, की या गावच्या बोलीत परसों म्हणजे परवाही असतो आणि पाच वर्षांमागचा दिवसही असतो.

"विकायची म्हणाली?"

"निकालने की बोले."

कुलदीप मराठीच होता. त्यानं नमस्कार केला. "अंकल, मस्त बनवली आहे हो. ज्या कंडिशनमध्ये आहे तशी नेतो मी. सोच के बताओ."

पारूला गाडी विकायची होती, आणि ते तिनं तातेरावांना सोडून गौसभाईला सांगितलं? इतकी जड झाली होती का ती तिला? मग ती रोज सकाळी का विचारायची, "गाडी कधी काढणार? का माझे दात पडल्यावर?" आणि ते म्हणायचे, "निघेल, निघेल." तिला आपल्याबरोबर यायचंय, असं ते धरून चालले होते. तिनं तसं कधी म्हटल्याचं मात्र आठवेना.

घरी येऊन त्यांनी दीक्षाला सांगितलं. ती पोळीचा घास हातात धरून थांबली.

"बाबा, आई मला पण तेच म्हणाली होती. दसऱ्याला गाडी काढू, बाबांना सांगू नको."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, नवीन काढायची. शेजारच्या शिल्पा आंटीनं काढली ना, तशी छोटी. मी दोन शोरूमला जाऊनपण आले."

"नवीन गाडी कुणाला पाहिजे होती?"

"मला काय माहीत! तीच म्हणाली काढू."

रविवारी दीक्षाही गॅरेजात आली. ती गौसभाईवर चिडली होती.

"अंकल, मम्मी बेचो बोली थी क्या?"

"निकालने की बोले बेटा. निकालना बोले तो हम बेचना समझते. और दसरे को गाडी का गिराक भी अच्छा मिलता."

"मराठीत काढणे म्हणजे बाहर ले जाना भी होता है."

"तो ले जाना बोलना था ना! देखो, तुम्हारी मम्मी मराठी में सोचके उर्दू में बोलते थे. एक दफे मई के महीने में आके बोले, बाहर बहोत ऊन है. मैं बोला, भाभी, इत्ती गर्मी में ऊन लेके कौन आया?"

दीक्षाला हसू आलं. मग तिचे डोळे भरले. तातेरावांनाही ते आठवलं. ऊन म्हणजे लोकर नव्हे, उन्हाळ्यातलं ऊन, हे त्यांनीच गौसभाईला समजावलं होतं, आणि पार्वतीबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. तेव्हा ते दोघांच्या मध्ये होते. या वेळी ते गाडीखाली होते.

"दसऱ्याच्या आतच का पण?" दीक्षानं विचारलं.

तातेराव म्हणाले, "दसऱ्याला ती दरवर्षी नागपूरला जायची. दीक्षाभूमीवर. महिला मंडळाबरोबर, रेल्वेनं. यंदा म्हणत होती, गुडघे दुखतात, गर्दीत चढवत नाही."

"म्हणजे जोंगानं नागपूर?"

"असेल."

"इस में नागपूर?" गौसभाई म्हणाला. "रावसाब, कमर टूट जाती भाभी की."

तेही खरं होतं. कंबर मोडेल हे तिलाही कळत होतं. मग विकायचीच असेल. पण विकायची तर "इनको नक्को बोलो" कशाला? भांडण नको म्हणून? की अचानक समोर उभी करून चकित करायचं होतं? तातेराव ते एक वाक्य तिच्या आवाजात मनाशी म्हणून बघत. एकदा ते विकायचं वाटे, एकदा न्यायचं. थोड्या वेळानं आवाजच हरवे.

तिघं गॅरेजात असतानाच कुलदीपचा फोन आला. "अंकल, क्या सोचे? दुसरी पण एक बघून ठेवलीय मी."

"घरी विचारून सांगतो," तातेराव म्हणाले. आयुष्यभर ते हेच उत्तर देत आले होते.

"हौ अंकल, आंटींना विचारून घ्या," कुलदीप म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दीक्षा बघत होती. गौसभाईनं पाना उचलला, पुसला, होता तिथंच ठेवला.

"त्याला माहीत नाही," तातेराव म्हणाले. "पण मी काय म्हणतो, विकायची असो, देऊन नवी घ्यायची असो, की नागपूरला न्यायची असो, आधी ती धड चालायला पाहिजे की नाही? अशी अर्धवट उघडी गाडी कुणाच्या हाती द्यायची नाही."

"उनो तो जैसी है वैसी लेरे," गौसभाई म्हणाला.

"मैं नहीं देरा."

त्यांनी शर्ट काढून खिळ्याला लावला. फोन मात्र दीक्षाच्या हातात दिला. आखूड शाफ्ट काढून पुसला, खडूनं खूण केली, आणि लेथवाल्याकडं वाढवायला पाठवायचं ठरवलं. गौसभाई म्हणाला, मागची चाकं ओढतायत तेवढ्यावर चालवा. तातेराव म्हणाले, नाही, चारही.

लेथवाल्याकडून शाफ्ट अजून आलेला नाही. पुढची चाकं जोडायची राहिली आहेत. कुलदीपला उत्तर द्यायचंही राहिलं आहे.