पाचाच्या आधी सहा

आमच्या घरात त्याला "तो सिनेमा" एवढंच म्हणायचे, आणि तेही आत्या आसपास नाही ना हे बघून. आत्या तरुणपणी एका सिनेमाची नायिका होती. एकाच. तो असा आपटला, की आत्या तिथून उठली ती थेट शिलाई मशीनवर जाऊन बसली. पुढे जन्मभर तिने शिवणाचे वर्ग घेतले. कोणी चुकून विषय काढलाच तर "लाकडाची बाहुली होते मी, छापून आलंय तसं," म्हणायची आणि कात्री उचलायची. कात्री उचलली की विषय संपला.

आणि मी नेमकी जुन्या सिनेमांच्या संग्रहालयात चिकटले. डब्यातून आलेलं रीळ हाताने गुंडाळत न्यायचं, खालून उजेड असलेल्या काचेवर एकेक चित्र तपासायचं, बाजूच्या छोट्या यंत्रावर आवाज ऐकायचा, फाटलं असेल तिथे सांधायचं, हे माझं काम. "तो सिनेमा" कधीतरी माझ्या टेबलावर येणार हे मी धरूनच चालले होते. आला तोही टाकाऊ ढिगातून. डबे उघडले तर आंबूस वास. तो वास सुटला की समजायचं, रिळाचे फार दिवस राहिले नाहीत.

"एकदा नजर टाक आणि वगळ," साहेब म्हणाले. "काही नाहीये त्यात."

"तुम्ही पाहिलाय?"

"पाहायला कशाला हवा? सगळ्यांना माहीत आहे."

माझं डोकं फिरायला एवढं पुरतं. हातमोजे चढवले आणि बसले.

गोष्ट साधी. टेलिफोन केंद्रात फोन जोडून देणारी एक मुलगी आणि तिचा कारखान्यात कामाला असलेला नवरा. कारखान्यात स्फोट होतो, नवरा जातो. पहिली चार रिळं कशी संपली कळलंच नाही. समोरच्याचं ऐकताना आत्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागाहून. हे हिला कोणी शिकवलं? घरात आयुष्यभर बॉबिन शोधत फिरणारी बाई ती हीच?

मग पाचवं रीळ लागलं आणि माझं तोंड उतरलं. आत्या तारा खोचायच्या फळ्यासमोर बसून फोन जोडतेय. चेहरा कोरा, आवाज सपाट. "थांबा. जोडते. बोला." रीळभर तेच, आणि का, ते कळायला मार्ग नाही. पहिल्या खेळाला याच जागी मागून कोणीतरी ओरडलं होतं, "अगं, बोल की काहीतरी!" अख्खं थिएटर खो खो हसलं. आत्या तशीच उठून घरी आली आणि पुन्हा कधी तो सिनेमा तिने पाहिला नाही. हे मला बाबांनी सांगितलेलं. त्या ओरडणाऱ्याचा मला इतक्या वर्षांनी संताप आला, पण खरं सांगायचं तर तो चुकला होता असं छातीठोकपणे म्हणवेना.

जड मनाने सहावं रीळ घेतलं. त्यात सकाळची वेळ, नवरा-बायकोचं लटकं भांडण, आत्या खळखळून हसतेय. तिने हात वर केला आणि माझा हात थांबला. बाहीचं बटण. ते जागच्या जागी होतं! पाचव्या रिळात तर ती बाही उघडी होती, दोरा लोंबत होता. लोंबत्या दोऱ्यावरून मी आत्याचे इतके धपाटे खाल्लेत, की तो दिसल्यावाचून राहत नाही.

मी भराभरा पुढे गेले. रिळाच्या शेवटी आत्या केंद्रात. फोन जोडता जोडता तिच्या कानावर स्फोटाची बातमी पडते, नवऱ्याचं नाव पडतं. ती दचकते, बाही फळ्याच्या खिळ्याला अडकते, बटण उडतं. जोडायची तार हातात, हात अर्ध्यात थांबलेला. रीळ संपलं.

पाचव्याची सुरुवात ओढून काचेवर धरली. तोच हात. अर्ध्यात. तीच तार, आणि उघडी बाही.

मी किंचाळले. शेजारच्या खोलीतून दोघं धावत आले, त्यांना वाटलं मला विंचू चावला.

प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला आकड्याची एक पट्टी जोडतात. कुठल्या तरी घाईच्या दिवशी पाचाची पट्टी सहाला आणि सहाची पाचाला लागली होती, आणि मग सगळ्या प्रती तशाच निघाल्या. दिग्दर्शक प्रदर्शनाआधीच आजारपणात गेलेले. निर्मात्याला घाई. बघणार कोण?

मी पुन्हा नीट क्रमाने पाहिलं. तिला कळलंय. आणि त्याच स्फोटातल्या माणसांच्या बायका, आया फोनवर फोन करतायत. ती थांबली तर त्या सगळ्या तशाच टांगणीला. म्हणून ती बसलीये. "थांबा. जोडते. बोला." लाकूड कसलं, हे तर जळतं घर दाराआड धरून ठेवणं होतं!

आत्याला फोन लावला. "आत्या, सिनेमात तुझ्या बाहीचं बटण तुटतं. आठवतंय?"

तिकडची शिलाई मशीनची घरघर थांबली. मग म्हणाली, "खरंच तुटलं होतं गं. मी सुई घेऊन बसले तर दिग्दर्शक म्हणाले, राहू दे, पुढच्या प्रसंगात असंच बस."

"तो पुढचा प्रसंग आधी दाखवला, आत्या. रिळं उलटी लागली होती."

"मला वाटलं, त्यांनीच तसं जोडलंय," ती म्हणाली. "ते तर गेलेले. विचारणार कोणाला?"

"उद्या ये. बरोबर लावून दाखवते."

"नको."

"का नको?"

"आणि बरोबर लावूनही लाकूडच निघाले तर? मग कोणाकडे बोट दाखवू, बये?"

"तर पुन्हा त्याचं नाव काढणार नाही. तुझ्या कात्रीची शपथ."

ती आली. इस्त्रीची घडी न मोडलेले कपडे, मांडीवर घट्ट धरलेली पर्स, एकटीच पुढच्या रांगेत. मागे मी, "दहा मिनिटं बसतो" म्हणून आलेले साहेब, आणि प्रोजेक्टर चालवणारे डुलकीकाका. रीळ लावून दिलं की हे जागेवरच डुलकी काढतात, म्हणून मी तीनतीनदा बजावलं, "काका, आज आधी सहा, मग पाच!"

दहा मिनिटं होऊन गेली, साहेब हलले नाहीत. बटण उडालं. हात अर्ध्यात थांबला आणि काकांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढचं रीळ जोडलं. "थांबा. जोडते. बोला." माझं लक्ष पडद्यावर नव्हतं. मी आत्याची मान बघत होते. पहिल्यांदा खाली होती. हळूहळू वर आली, ताठ झाली. साहेबांनी चष्मा काढून रुमाल शोधला. शेवटी पडद्यावरची ती फळा सोडून उठते, लोंबता दोरा ओढून तोडते आणि बाहेर जाते, तेव्हा काका आपल्या खिडकीतून जवळजवळ बाहेर आले होते, टक्क जागे.

पुढचं रीळ लावायचं कोणाला सुचेना. पडदा नुसता पांढरा. ना टाळी, ना हुंकार.

आत्या उठली, आमच्याकडे वळली. डोळे आधी हसले, ओठ मागाहून.

"अगं, बोला की काहीतरी!" ती म्हणाली.