जास्तीची कातडी

"ताई, हे सौंदर्यात येतं. आजारात नाही येत," असं म्हणून विमा कचेरीतल्या भागवतसाहेबांनी ऑपरेशनचा खर्च नामंजूर केल्याचं पत्र काचेखालून पुढे सरकवलं. सीमाने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सौंदर्य म्हणे!

संगमनेरजवळच्या एका खाजगी डेअरीत ती दुधाच्या पिशव्या भरायच्या कामावर होती. शुगर पार वर गेली तेव्हा डॉक्टरांनी दम भरला. बाईने दोन वर्षं अर्धी भाकरी खाल्ली, रोज पहाटे प्रवरेच्या पुलापर्यंत पायपीट केली आणि एकशे चार किलोंची एकसष्ट झाली. चरबी गेली, कातडी राहिली. पोटावरून खाली मांडीपर्यंत नुसती लोंबायची. तिच्या घडीत घाम मुरायचा, कातडं सोलवटायचं, पू धरायचा, वास यायचा. जुन्या सुती साडीची फडकी घडीत घालून ती कामावर जायची आणि कोणाच्या फार जवळ उभी राहायची नाही. जखम कळली असती तर तिला दुधापाशी कोणी ठेवलं नसतं. ही कातडी कापून काढल्याशिवाय जखमा थांबणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलं होतं. विमा डेअरीतर्फे होता, हप्ता दरमहा पगारातून कापला जायचा. तो कापताना कोणाला सौंदर्य आठवलं नव्हतं.

पत्राला पेपरातलं एक कात्रण जोडलेलं होतं. गेल्या वर्षी डेअरीचे मॅनेजर आप्पासाहेब यांनी वजन उतरवल्याबद्दल तिचा सत्कार ठेवला होता. आपल्याकडे कोणी काही केलं की शाल-नारळ आलाच. चार शब्द बोला म्हणून माईक हातात कोंबला, आणि काही न सुचून ती बोलून गेली, की आता आरशात बघावंसं वाटतं. पेपरात नेमकं तेवढंच मोठ्या अक्षरात आलं. विम्याचे कागद पाठवताना आप्पासाहेबांनी कौतुकाने ते कात्रणही जोडून दिलं. भल्या माणसाला वाटलं, वजन केवढं उतरलं त्याचा पुरावा होईल. कंपनीने आरशाच्या वाक्याखाली लाल रेघ मारली होती.

जखमांचे फोटो दिले होते ते कोणी पाहिले का, असं तिने विचारलं. भागवत म्हणाले, वरच्या ऑफिसात पाहिले असतील, मी काही उघडले नाहीत, बायामाणसांचे फोटो, बरं दिसत नाही.

"आत्ता उघडा," सीमा म्हणाली. "माझ्यासमोर."

मागे रांगेत तिघेजण उभे होते. भागवतांनी नाइलाजाने फोटो उघडला आणि लगेच मान वळवली.

"मान फिरवू नका साहेब. ह्यात सुंदर काय हाय, तेवढं बोट ठिवून दाखवा. मग मी जाते."

भागवतांचा हात टेबलावरच राहिला. माझ्या हातात काही नाही, अपील करा, असं ते पुटपुटले. मग आवाज आणखी उतरवून म्हणाले, डॉक्टरांशिवाय दुसऱ्या कोणाची जखमेची नोंद असली तर जोडा, कामावरची वगैरे.

दुपारच्या पाळीला ती तणतणतच डेअरीत गेली. पिशव्यांच्या खात्यात शिरण्याआधी दारातल्या वहीत प्रत्येकाने ताप, खोकला, जखम, आहे का नाही ते लिहून सही करायची. जखम असली की बिनपगारी घरी. सव्वा वर्ष सीमा त्या रकान्यात 'नाही' लिहीत आली होती, आतलं फडकं ओलं झालेलं असतानासुद्धा. त्याची तिला लाजही वाटायची, पण घर चालवायचं होतं.

आज तिने 'आहे' लिहिलं. पुढे जागा होती तेवढ्यात बसवलं: पोटावर, कातडीच्या घडीत, सव्वा वर्षापासून.

आप्पासाहेब शेजारीच होते. वाचून त्यांचा चेहरा उतरला. सीमाताई, खोडा ते, असं ते हळूच म्हणाले, एकदा लिहिलं की मला तुम्हाला आत सोडता यायचं नाही, आणि परत कधी घेता येईल तेही सांगता यायचं नाही.

"खोडायचं न्हाई, साहेब. तुमी खाली सही करा."

त्यांनी वही स्वतःकडे ओढली. खाली सही केली. सीमाने मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढला, डोक्यावरची टोपी खुंटीला अडकवली आणि पाळीचा भोंगा वाजत असताना फाटकाबाहेर पडली.